कारचा अपघात आणि सर्व्हेअर: बेळगाव-खानापूर-निपाणी भागात झिरो डेप पॉलिसी वापरल्यानंतरचा अनुभव

कारच्या विम्याची परीक्षा एकाच कागदावर होते: सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या माणसाच्या, असेसमेंट शीटवर. कोणता पार्ट नवा, कोणता रिपेअर, घसारा किती, लेबर किती, हे सगळं तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं आणि कंपनी त्याच आकड्यावर पैसे सोडते. गेल्या काही महिन्यांत खाजगी कारची झिरो डेपवाली (पार्टवर घसारा न कापणारी) कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी क्लेमच्या बाजूने पुरती वापरून झाली आहे, म्हणून हा अनुभव त्या शीटच्या भोवतीच लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. मूळ नियम सगळ्या कंपन्यांना सारखे आहेत आणि पैशांत पडणारा फरक बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच ठरतो.

सर्वात आधी इंजिन. धडकेनंतर गाडीखाली ऑइल किंवा कूलंट गळताना दिसलं, तर किल्ली फिरवायचीच नाही. चोर्ला घाटात किंवा अनमोडच्या रस्त्यावर दगडाने ऑइल संप फुटतो, माणूस "पुढच्या गावापर्यंत नेऊ" म्हणून गाडी चालवतो आणि इंजिन जाम होतं. संपचे पैसे मिळतात, इंजिनचे मिळत नाहीत, कारण इंजिन अपघाताने गेलं नाही, अपघातानंतर चालवल्यामुळे गेलं असं सर्व्हेअर लिहितो. साध्या पॉलिसीत हे परिणामी नुकसान धरलं जातं आणि ते वगळलेलं आहे. पावसाचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. अशा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर तो सगळा खर्च आपल्या अंगावर. टोइंगने न्या. साध्या पॉलिसीत खाजगी कारच्या टोइंगसाठी १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. कणकुंबीहून बेळगावपर्यंत गाडी ओढून आणायला तेवढे पुरत नाहीत, म्हणून रोडसाइड असिस्टन्सचं कव्हर या भागात घेण्यासारखं आहे.

फोटो काढताना फुटलेल्या बंपरचेच दहा फोटो काढून उपयोग नसतो. गाडीच्या चारही बाजू, नंबर प्लेटसकट आजूबाजूचा रस्ता, ब्रेकच्या खुणा, समोरच्या वाहनाची प्लेट आणि ओडोमीटर हे सगळं हवं. न लागलेल्या बाजूचे फोटो सर्वात कामाचे, कारण पुढे "हा ओरखडा जुना आहे" हा वाद त्यांच्यावरच मिटतो. तवंदी घाटात मात्र फोटोंसाठी गाडी लेनमध्ये उभी ठेवू नका. दोन-तीन फोटो पटकन काढा, गाडी कडेला घ्या, मागे त्रिकोण ठेवा आणि बाकीचे मग काढा.

त्यानंतर टोल-फ्री नंबरवर किंवा अ‍ॅपवर कळवून क्लेम नंबर घ्यायचा. चोर्ल्याकडे फोनला रेंज मिळेलच असं नाही. उशीर झाला तर तेच कारण लिहून द्या, लपवू नका. क्लेम फॉर्ममधला "अपघात कसा झाला" हा रकाना बरेच जण गॅरेजवाल्याकडून भरून घेतात. तो स्वतः भरा, तीन ओळींत. उदाहरणार्थ: "रात्री साडेआठच्या सुमारास संकेश्वरकडून बेळगावकडे येताना पुढे उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नव्हता. ब्रेक लावूनही गाडीचा पुढचा डावा भाग ट्रॉलीला लागला." वेळ, दिशा आणि गाडीचा कोणता भाग लागला, या तीन गोष्टी फोटोंशी, पोलिसांच्या कागदांशी आणि प्रत्यक्ष नुकसानीशी जुळल्या पाहिजेत. मार पुढच्या डाव्या कोपऱ्याला लिहिलाय आणि एस्टिमेटमध्ये मागचा उजवा दरवाजा घातलाय, तर सर्व्हेअर फक्त दरवाजा कापत नाही, सगळ्या फाइलकडेच संशयाने बघायला लागतो.

गळीत हंगामात या ट्रॉल्यांचे अपघात इतके होतात की एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ट्रॉलीवाल्याचा विमा आहे की नाही, चूक कोणाची, यावर आपल्या गाडीचं नुकसान अडून राहत नाही. आपल्या पॉलिसीचा ओन डॅमेज भाग त्यासाठीच असतो. ट्रॉलीवाल्याशी तिथेच नोटा घेऊन कागदावर तडजोड लिहून दिली, की कंपनीचा त्याच्याकडून वसुली करण्याचा हक्क आपण बुडवतो, आणि मग आपला क्लेमही अडचणीत येतो.

पोलिसांचं काम आपल्याकडे जरा वेगळं आहे, कारण सीमा दर पाच-दहा मैलांवर आडवी येते. वेंगुर्ला रोडने निघालात तर बाचीपर्यंत बेळगाव तालुका, पुढे शिनोळीला चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. निपाणीच्या पुढे हायवेवर कोगनोळीचा नाका कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. विम्याला याने फरक पडत नाही, पॉलिसी देशभर चालते. फरक पडतो तो एफआयआर कुठल्या ठाण्यात आणि कुठल्या भाषेत होतो यात. फक्त आपल्याच गाडीचं नुकसान असेल, कोणाला लागलेलं नसेल, तर एफआयआरशिवाय क्लेम होतो. कोणी जखमी असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल, तर एफआयआर लागतोच.

कर्नाटकात फिर्याद, महजर (पंचनामा), सगळं कन्नडमध्ये होतं. सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. वाचून दाखवताना कन्नड वाचता येणारा कोणी तरी शेजारी असू द्या. ड्रायव्हरचं नाव, वेळ, ठिकाण, दिशा, गाडीचा नंबर, एवढं तपासा. गाडी मुलगा चालवत होता आणि कागदावर नाव आरसीवरच्या मालकाचं आलं, ही चूक नेहमीची, आणि ती नंतर फार महागात पडते. सर्व्हेअरला लायसन्स ज्याचं दाखवता त्याचंच नाव सगळीकडे लागतं.

केस झाली असेल तर मोटार वाहन निरीक्षक गाडी बघून आयएमव्ही रिपोर्ट देईपर्यंत गाडीला स्पॅनर लावू द्यायचा नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर अपघाताआधी ठीक होते की नाही हे त्या रिपोर्टमध्ये येतं आणि जखमीचा दावा उभा राहिला की कोर्टात तोच कागद लागतो.

आता सर्व्हेअर. तो विमा कंपनीचा नोकर असेलच असं नाही. मोठ्या नुकसानीसाठी आयआरडीएआयचं (विमा नियामकाचं) लायसन्स असलेला स्वतंत्र सर्व्हेअर नेमावा लागतो, त्याची फी कंपनी देते. मोटार क्लेममध्ये ५०,००० रुपयांच्या आतल्या नुकसानीला असा लायसन्सवाला सक्तीचा नाही, म्हणून लहान क्लेम कंपनीचाच माणूस किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ सर्व्हे उरकतो. माझं मत असं की बंपर आणि लाइटच्या वरचं नुकसान असेल तर व्हिडिओ सर्व्हेला राजी होऊ नये. कॅमेऱ्यात बंपरच्या आतलं काहीच दिसत नाही. माणूस पाठवा म्हणून ईमेल करा.

जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने नेमणुकीपासून १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. हे आकडे ईमेलमध्ये लिहिले की काम हलतं, हा या भागातला सरळ अनुभव आहे. फोनवर बोललेलं कुठे नोंदलं जात नाही. फोन झाला की "आज आपण असं बोललो" अशी दोन ओळींची मेल टाका.

सर्व्हेअर येईल तेव्हा गॅरेजमध्ये हजर राहा. उद्यमबागेतल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये एका फेरीत तो सात-आठ गाड्या बघतो, आपल्या गाडीला दहा मिनिटं मिळतात. गॅरेजचा अ‍ॅडव्हायझर एस्टिमेट पुढे करतो, सर्व्हेअर पेनाने टिक आणि काट मारत जातो. एका बाजूला "नवा", एका बाजूला "रिपेअर". तिथे आपण नसलो तर आपल्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. गॅरेजला कंपनीबरोबर रोजचा धंदा करायचा असतो. "साहेब, हे जरा बघा" म्हणून नम्रपणे बोट दाखवलं की बरेच सर्व्हेअर थांबून बघतात. वाद घालून काही होत नाही, तुटलेली जागा दाखवून होतं.

बंपर बाहेरून फक्त ओरखडलेला दिसतो, पण त्याच्या कोपऱ्यातले फेंडरला अडकणारे टॅब तुटलेले असतात. प्लॅस्टिक वेल्डिंगने मधली चीर जोडता येते, टॅब जोडून टिकत नाही, काही दिवसांत गॅप पडते. हेडलाइटची काच शाबूत असते आणि मागची लग, म्हणजे लाइट बसवायचा कान, तुटलेली असते. काही गाड्यांना लगचं किट वेगळं मिळतं. ते मिळत असेल तर सर्व्हेअर अख्खा लाइट देणार नाही आणि तो चुकीचाही नाही. ज्या मॉडेलला किटच येत नाही तिथे मात्र गॅरेजने पार्ट कॅटलॉगचं पान दाखवावं. रेडिएटर सपोर्ट वाकला असेल तर बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी मोजून दाखवा. ओढून सरळ केलेला सपोर्ट दिसायला ठीक असतो, पण फॅनचं कव्हर घासायला लागतं आणि एसीचा कंडेन्सर पुन्हा गळतो.

आतलं नुकसान पहिल्या भेटीत दिसणार नाही. म्हणून पहिल्या शीटवर "खोलल्यानंतर सप्लिमेंटरी एस्टिमेट" असा शेरा लिहून घ्या. मग गाडी खोलायची आणि नवीन काही सापडलं की तो पार्ट जागेवर असतानाच फोटो काढून सर्व्हेअरला परत बोलवायचं. इथेच सर्वात जास्त पैसे बुडतात. गॅरेज घाईत जुना पार्ट काढून कोपऱ्यात टाकतं, नवा बसवतं, बिलात लावतं आणि सर्व्हेअर म्हणतो, "मला दाखवलाच नाही." त्याचं म्हणणं बरोबरच असतं. जुने पार्ट शेवटच्या रि-इन्स्पेक्शनपर्यंत गॅरेजमध्येच ठेवायला सांगा. भंगारवाल्याकडे गेले की बदललेल्या पार्टचा पुरावा गेला.

एअरबॅग उघडली असेल तर एस्टिमेटमध्ये फक्त बॅग धरून भागत नाही. एसआरएस मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोल युनिट), धडकेत बेल्ट आवळणारे सीटबेल्टचे प्रिटेन्शनर, स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग हेही तपासून लिहायला लावा. बॅग नवी आणि प्रिटेन्शनर जुनाच, असं करून गाडी सोडली तर पुढच्या धडकेत बेल्ट ओढून धरणार नाही. इथे पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

आता घसारा, कारण झिरो डेप घ्यायचं की नाही हे यावर ठरतं. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के कापतात. फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. बाकीच्या, म्हणजे मुख्यतः पत्र्याच्या आणि धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातले २५ टक्के मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापतात. लेबरवर घसारा नाही.

चार वर्षं उलटलेली, १,५०० सीसीच्या आतली गाडी धरा, जीएसटी बाजूला ठेवा. बंपर ६,०००, हेडलाइट ९,०००, बॉनेट ८,०००, रेडिएटर सपोर्ट ४,०००, पुढची काच ७,०००, टिंकरिंग आणि बाकी लेबर ६,०००, पेंट १०,०००. बिल ५०,०००. साध्या पॉलिसीत बंपरचे ३,०००, लाइटचे ४,५००, बॉनेटचे ५,२००, सपोर्टचे २,६००, काच पूर्ण ७,०००, लेबर पूर्ण ६,०००, पेंटचे ८,७५० मिळतात. बेरीज ३७,०५०. त्यातून सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायचा वाटा, १,००० गेला की ३६,०५०. आपल्या खिशातून १३,९५०. तेच झिरो डेपमध्ये ४९,००० मिळतात. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला डिडक्टिबल २,००० असतो.

शीट तपासताना पार्ट कोणत्या रकान्यात टाकलाय हे बघा. रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. अख्खा पार्ट प्लॅस्टिकमध्ये लिहिला तर निम्मे गेले, धातूत लिहिला तर दीड वर्षाच्या गाडीला फक्त १० टक्के. गाडी जितकी नवी तितका हा रकाना महत्त्वाचा. शिवाय पुढच्या काचेचा रबर आणि चिकटवण्याचं सीलंट वेगळं दाखवून कापलेलं असतं, तेही पाहून घ्या.

झिरो डेपच्या मर्यादा विकताना सांगत नाहीत. वर्षातून किती क्लेम चालतील यावर बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते. इंजिन ऑइल, कूलंट, क्लिप, नट-बोल्ट, एसी गॅस यासाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर लागतं. त्याशिवाय गाडी नेताना गॅरेजवाला "डिफरन्स" म्हणून जी रक्कम मागतो तिच्यात हेच असतं. डिफरन्सचं ओळीवार बिल मागा. असेसमेंट शीट आणि गॅरेजचं बिल शेजारी ठेवून बघितलं की कधीकधी एकच लेबर दोन नावांनी लावलेलं सापडतं.

लहान क्लेम करावा का? ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० आहे आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचलाय असं धरा. क्लेम नाही केला तर दरवर्षी ४,०००. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या. हप्ते येतात ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४००. म्हणजे परत ५० टक्क्यांवर पोचेपर्यंत १०,००० जास्त गेले. अशा गाडीला दहा हजारांच्या आतलं काम आपल्या नेहमीच्या टिंकरकडे करून घेणं शहाणपणाचं.

निपाणी आणि चिकोडीकडच्यांनी एक लक्षात घ्यावं: निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा निम्म्या अंतरावर आहे. कॅशलेस गॅरेज (जिथे कंपनी थेट गॅरेजला पैसे देते) कोल्हापुरात असेल तर तिकडे न्यायला काही हरकत नाही, पॉलिसी बेळगावच्या शाखेची असली तरी. गावातल्या नेटवर्कबाहेरच्या गॅरेजमध्ये करायचं असेल तर आधी पैसे भरून मग परत घ्यावे लागतात. तिथे जीएसटी नंबरचं पक्कं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा हवा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत.

क्लेम फेटाळले जातात त्यात आपल्या भागातलं सर्वात मोठं कारण सेकंडहँड गाड्यांचं आहे. कोल्हापूरकडून एमएच ०९ ची गाडी घेतली, आरसीवर अजून जुन्या मालकाचं नाव, पॉलिसीही त्याच्याच नावाची. कायद्याने थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. विक्रीपासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ते केलं नसेल तर सर्व्हेअर गाडी बघतो, रिपोर्टही देतो, आणि कंपनी एका ओळीत नकार देते. दुसरं कारण, जुन्या गाडीचा बोनस खोटा सांगून स्वस्तात काढलेली पॉलिसी. तिसरं, पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन गोव्याला माणसं नेणं. चौथं, आरसी आणि पॉलिसीत न नोंदवलेलं सीएनजी किट. यातल्या काही भंगांत सगळा क्लेम न बुडता ७५ टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून देता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केलंय. नकाराच्या उत्तरात तो निकाल नावानिशी लिहा.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस. मग सर्व्हेअर दोन पर्याय ठेवतो: भंगार आपण ठेवून कमी रक्कम, किंवा भंगार कंपनीकडे देऊन जवळजवळ पूर्ण आयडीव्ही. भंगार कंपनीला दिलं तरी आरसी आपल्या नावावरून निघाल्याचा कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. त्या गाडीचा पुढे काय वापर होईल ते सांगता येत नाही.

आकडा पटला नाही तर डिस्चार्ज व्हाउचरवर (क्लेमची रक्कम स्वीकारल्याच्या कागदावर) "पूर्ण आणि अंतिम" म्हणून मुकाट सही करू नका. "हरकत राखून स्वीकारले" असं लिहा आणि त्याच दिवशी ईमेलने सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी शेवटचा शब्द नसतो, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच सांगितलंय. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, हव्या त्या ओळींचे नंबर घालून: "अनुक्रमांक ४, हेडलाइट, रिपेअर धरला आहे, लगचं किट येत नाही, कॅटलॉगचं पान जोडलं आहे." मोघम "कमी पैसे दिले" लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कर्नाटकातल्यांसाठी बेंगळुरूचं विमा लोकपाल कार्यालय आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालचा निवाडा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला पाळावा लागतो. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मात्र एकदा आयोगात तक्रार दाखल केली की लोकपाल तीच तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग असाच क्रम ठेवा.